घाईतला ब्राव्हो

त्सुरुहामा गावात तातामी चटया शिवणारं आता एकच घर उरलंय, तोकिएदांचं. यासुहेई तोकिएदा वयाने त्र्याहत्तर, गुडघ्यांनी ऐंशीच्या पुढचे आणि कानांनी, त्यांच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे, पंचविशीतले. चटईच्या काठात जाड सुई घातली की नुसत्या आवाजावरून ते सांगतात, आतलं गवत ओलं आहे की वाळलेलं. हे कान त्यांना चटयांसाठी मिळाले होते. त्यांनी ते लावले नवव्या सिंफनीला.

नववी म्हटलं की त्सुरुहामात 'कुणाची?' असं कुणी विचारत नाही. डिसेंबर उजाडला की ती लागतेच. भाजीच्या दुकानात लागते, दाताच्या डॉक्टरकडे लागते, आणि शाळेच्या सभागृहात दोनशे बायाबाप्ये हातात वह्या धरून तिच्या शेवटच्या भागातलं जर्मन गाणं घोकतात. त्यातला एक शब्द त्यांना कळत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. घराची झाडलोट, मोचीच्या वड्यांसाठी भात कुटणं आणि नववी, एवढं झाल्याशिवाय वर्ष संपलं असं इथे कुणी धरत नाही.

पण इतरांची नववी डिसेंबरात सुरू होते आणि डिसेंबरात संपते. तोकिएदांची बारा महिने. त्यांच्याकडे तिच्या एकशे बारा रेकॉर्डी आहेत. सूर तेच, शब्द तेच, वाजवणारे वेगळे.

"एकच गोष्ट एकशे बारा जणांकडून ऐकायची," त्यांच्या बायको फुमिएबाई म्हणतात. "माझ्या सासूबाई निदान एकट्या होत्या."

प्रत्येक रेकॉर्डीला तोकिएदांच्या वहीत एक पान आहे. 'क्रमांक एकोणीस. सुरुवात दमदार. तिसऱ्या भागात वाद्यवृंदाच्या कंडक्टरला शेवटची गाडी पकडायची असावी.' 'क्रमांक चव्वेचाळीस. बायका उत्तम. पुरुषांची मागची रांग मात्र पोटभर जेवून उभी राहिली आहे.' 'क्रमांक त्र्याऐंशी. स्वच्छ. इतकी स्वच्छ, की घरात कुणी राहत नसावं.' असे शेरे वाचून माणूस किती कडक असेल असं वाटतं. तो होताच कडक. आणि सगळ्यात कडक होता तो घाईतल्या ब्राव्होच्या बाबतीत.

आता हा प्रकार काय ते सांगायला हवं. सिंफनीचा शेवटचा स्वर वाजतो, छताला जाऊन भिडतो, हळूहळू विरतो. कंडक्टरचा हात खाली येतो. मग टाळ्या, मग ज्याला हौस असेल त्याने 'ब्राव्हो' म्हणावं. पण प्रत्येक गावात एक उतावीळ असतोच. स्वर अजून हवेत असतो आणि हा वरून बोंबलतो. ज्याने तो स्वर ऐकायला वर्षभर वाट पाहिली त्याच्या तोंडचा घास गेला. कार्यक्रमपत्रिकेवर हल्ली ठळक अक्षरात विनंती छापतात, तरी फरक पडत नाही. इथल्या लोकांना अशा माणसापेक्षा पाकीटमार परवडला.

आणि अशा माणसांचा मेरुमणी खुद्द त्सुरुहामातच निघाला. १९७८ साली गावात नवीन नाट्यगृह झालं. त्या डिसेंबरात गावातल्याच दोनशे लोकांना उभं करून नववी गायली गेली आणि नगरपालिकेने तिच्या पाचशे प्रती रेकॉर्डीवर काढल्या. गावाने हौसेने केलेलं काम, पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, तिसरा संथ भाग असा उतरला की आजही ओसाकाहून माणसं ती रेकॉर्ड शोधत येतात. शेवट येतो, शेवटचा ठोका पडतो, आणि तो पुरता पडायच्या आत एक पुरुषी आवाज उठतो, "ब्राऽव्हो." बरं, तोही धड नाही. मध्येच चरकन फाटलेला. रेकॉर्डी जमवणाऱ्यांत त्याला नाव आहे, 'त्सुरुहामाचा मूर्ख'.

या मूर्खाचा विषय निघाला की तोकिएदांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सुई खाली ठेवून ते बोलायला लागायचे. असल्या माणसाला नाट्यगृहात सोडतात कसे, आईबापांनी काही शिकवलं की नाही, एका माणसाने अख्ख्या गावाचं नाक कापलं. रेकॉर्ड पुन्हा काढाल तेव्हा तो आवाज काढून टाका, असे अकरा अर्ज त्यांनी आजवर नगरपालिकेला दिले होते. अकराही स्वतःच्या हाताने, ब्रशने लिहून.

तो मूर्ख म्हणजे तोकिएदाच.

झालं होतं असं. नाट्यगृहात कलाकारांच्या खोल्यांमध्ये चटया घालायचं काम तोकिएदांनी केलं होतं, म्हणून फुकटचं तिकीट मिळालं. वय सत्तावीस. नववीचं नाव ऐकलेलं, पण ती कशाशी खातात ते माहीत नाही. ज्या तिसऱ्या भागासाठी लोक ओसाकाहून येतात, त्यात ते चक्क झोपले होते. मग दोनशे माणसं एकदम गायला लागली तेव्हा दचकून जागे झाले. शेवटच्या धावाधावीत एका जागी सगळ्यांनी श्वास घेतला, आणि त्या श्वासाच्या फटीत एकाच बाईचा आवाज आला. एकटा, खालच्या पट्टीतला, अर्धा क्षण आधी घुसलेला. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी मुलगी कानापर्यंत लाल झाली. तोकिएदांना त्यापुढे काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. वाद्यं आपली वाजत होती, कंडक्टर हात उडवत होता आणि हे त्या मुलीकडे बघत होते. आवाज वाढला, आता संपलं असं वाटलं, आणि ते उठून ओरडले. तिच्यासाठी ओरडले. बाकीच्या एकशे नव्व्याण्णव जणांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

पुढे बसथांब्यावर तीच मुलगी रडत उभी होती. केसांना माशाचा वास.

"काय झालं?" तोकिएदांनी विचारलं.

"माझ्यामुळे सगळं बिघडलं," ती म्हणाली. "मी माशाच्या वड्यांच्या कारखान्यात काम करते. वर्षअखेरीला सोडतात होय कुणाला? दुपारच्या तालमीला मला येता आलं नाही. त्या तालमीत कंडक्टरने एका जागी जास्तीचा श्वास घ्यायला सांगितला. मला कुणी काही बोललंच नाही. सगळे थांबले आणि मी एकटीच आत शिरले." तिने नाक पुसलं. "पण नशीब बघा, शेवटी कुणीतरी मूर्ख बोंबलला. आता गाव त्याच्याच नावाने खडे फोडेल, माझं कुणाच्या लक्षातही राहणार नाही. कोण होता हो तो?"

आता इथे खरं सांगायचं होतं. पण समोर इतकी छान मुलगी उभी असताना 'तो मूर्ख मीच' असं कोण म्हणेल?

"असेल कुणीतरी मूर्ख," तोकिएदा म्हणाले.

चार महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. आणि एकदा मूर्ख म्हटल्यावर ते परत घेणार कसं? गप्प बसलं तर संशय येईल, म्हणून ते दरवर्षी आणखी जोराने म्हणायला लागले. म्हणता म्हणता ते नववीतले तज्ज्ञ झाले, गावातल्या नववी ऐकणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि बसथांब्यावरचं ते एक वाक्य सेहेचाळीस वर्षं जिवंत राहिलं.

हे मंडळ 'कोदामा' नावाच्या कॉफीघरात भरतं. तिथे कॉफी निमित्ताला. खरं काम रेकॉर्डी ऐकण्याचं. भिंतीवर 'बोलू नये' अशी पाटी आहे आणि चमचा बशीवर वाजू नये म्हणून मालक मुरोई यांनी बशीत लोकरीची चकती घातली आहे. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी ते मान वर करून बघतात. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी मात्र तिथे बोलायला परवानगी असते. त्या दिवशी मंडळाची वार्षिक तुलना. मुरोई पडद्याआड एकच तुकडा वेगवेगळ्या रेकॉर्डींवरून वाजवतात. कुठली कुणाची ते सांगत नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक संत्रं. जी आवडेल तिच्या क्रमांकाच्या टोपलीत ते टाकायचं. मोजणी झाली की सगळे मिळून ती संत्री खातात. मतं खाण्याचा प्रकार इतर गावांतही होत असेल, इथे तो उघड्यावर होतो इतकंच.

या वर्षी तुलनेला दोनच क्रमांक होते. जुनं नाट्यगृह मार्चमध्ये पाडायचं ठरलं होतं, आणि निरोपाची भेट म्हणून नगरपालिका १९७८ ची नववी पुन्हा काढणार होती. अकरा अर्ज अखेर कुणीतरी वाचले. ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या कुगा नावाच्या गावच्याच एका चाळिशीतल्या माणसाला बोलावून नगरपालिकेने सांगितलं, त्या मूर्खाचा बंदोबस्त करा, आणि कसा तो मंडळालाच विचारा. मंडळ म्हणेल तेच छापलं जाणार होतं.

तोकिएदांना सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागली. पुरावाच नाहीसा होणार. मूर्ख जन्मालाच आला नव्हता असं होणार. रविवारी दुपारी ते दाढी करून, अध्यक्षाला शोभेल असा कोट घालून कोदामात गेले. फुमिएबाई मागून जेवण घेऊन येणार होत्या.

"अध्यक्ष, तुमच्या अर्जांना फळ आलं म्हणायचं," उबुकाता म्हणाले. उबुकाता म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्याकडे नववीच्या एकशे तेरा रेकॉर्डी आहेत, तोकिएदांपेक्षा एक जास्त, आणि ती एक कुठली हे ते कुणाला सांगत नाहीत.

"उशिरा का होईना," तोकिएदा म्हणाले.

कुगांनी आधी क्रमांक एक वाजवला. शेवटची दोन मिनिटं, जशी होती तशी. ब्राव्हो आल्यावर तेराच्या तेरा सभासदांनी सवयीप्रमाणे च्यक् केलं. सगळ्यात मोठं च्यक् अध्यक्षांचं.

"आता क्रमांक दोन," कुगा म्हणाले. "तो आवाज शेवटच्या ठोक्याच्या अंगावरच चढलाय, नुसता कापून निघत नाही. पण नशिबाने त्या दिवशीच्या दुपारच्या तालमीची फीत सापडली. शेवटची धावाधाव सुरू होते तिथून पुढचं सगळं मी तालमीतलं लावलंय. जोड कुठे आहे ते ओळखून दाखवा."

वाजलं. जोड खरोखरच कुणाला कळला नसता. गाणारे धावत सुटले, वाद्यं मागून धावली, तोकिएदा डोळे मिटून ऐकत होते. मग ती जागा आली. सगळ्यांनी श्वास घेतला.

आणि त्या श्वासात कुणीच आलं नाही.

तोकिएदांनी डोळे उघडले. चटया शिवताना ते ही रेकॉर्ड किती वेळा लावत असतील याला गणती नाही. लोकांना वाटायचं, तिसऱ्या भागासाठी लावतात. ते त्या अर्ध्या क्षणासाठी लावायचे. बावीस वर्षांची फुमिए, केसांना माशाचा वास, कारखान्यातून धावत येऊन धाप लागलेली, एकटीच आत शिरलेली. तेवढी जागा आली की त्यांची सुई थांबायची. आता तिथे नुसता श्वास होता. पुढे शेवटचा ठोका पडला, विरला, शांतता झाली. स्वच्छ. घरात कुणी राहत नसावं इतकं स्वच्छ.

"वा," उबुकाता म्हणाले. मुख्याध्यापकांच्या तोंडून 'वा' निघणं म्हणजे मोठीच गोष्ट.

"कुगासान," तोकिएदा घसा खाकरत म्हणाले, "ते मध्ये एक... श्वासाच्या जागी काहीतरी असायचं."

"बरोबर ओळखलंत. कान म्हणावेत ते हे," कुगा खूश झाले. "एक बाई चुकून आधी आत येतात तिथे. तालमीत ती चूक नाहीये. त्यामुळे दोन्ही डाग एकदमच गेले."

डाग म्हणाला. तोकिएदांना तो शब्द फार लागला. पण करणार काय? त्या बाई म्हणजे माझी बायको, असं सांगायचं तर फुमिएबाईंनी सेहेचाळीस वर्षं लपवलेली चूक गावासमोर मांडावी लागली असती. त्या चुकीवर तोकिएदांचा काही हक्क नव्हता. आणि ब्राव्हो ठेवा म्हणायचं, तर अकरा अर्ज कुणी केले होते?

मत पहिलं अध्यक्षांनी टाकायचं ही पद्धत. बारा माणसं हातात संत्री घेऊन दुसऱ्या टोपलीकडे तोंड करून उभी राहिली. तोकिएदा संत्र्याकडे बघत राहिले. बोटं काय करतायत याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी ते सोललं, एक फोड तोंडात टाकली, मग दुसरी.

"अध्यक्ष," मुरोई हळूच म्हणाले, "तुम्ही मत खाल्लंत."

तोकिएदांनी तोंडातली फोड गिळली.

"तो मूर्ख मी आहे," ते म्हणाले.

कोदामात शांततेची सगळ्यांना सवय आहे. पण ही शांतता कुणालाच नीट जमेना. शेवटी उबुकातांनी तोकिएदांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तोकिएदासान, तुमचं मन मोठं आहे. नाट्यगृह पाडतायत, आपण सगळेच हळवे झालोय. पण त्या माणसाला पाठीशी घालायचं काही कारण नाही."

"पाठीशी नाही घालत. मीच ओरडलो होतो."

"सकाळची गोळी घेतलीत ना?" मुरोईंनी विचारलं.

"घेतली. गोळीचा काय संबंध? शेवटून चौथ्या रांगेत, वाटेलगतच्या खुर्चीत बसलो होतो. उठलो आणि ओरडलो."

"आणि मग अकरा अर्ज केलेत?" उबुकाता म्हणाले. "स्वतःच्याच विरुद्ध? इतका बिनडोक माणूस आमचा अध्यक्ष असूच शकत नाही."

सेहेचाळीस वर्षं खोटं बोलले ते सगळ्यांना पटलं, आणि आता आयुष्यात एकदा खरं बोलले तर कुणी ऐकेना. तोकिएदांच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. तेवढ्यात कुगा म्हणाले, "त्यात वाद कशाला? आवाज तर माझ्याकडे आहेच. मी क्रमांक दोन लावतो. तोकिएदासान, तुम्ही शेवटी ओरडा. मी मुद्रण करतो आणि दोन्ही ताडून बघतो. मंडळ तुलनेसाठीच आहे ना?"

मुरोई मोठा सुस्कारा सोडून खुर्चीवर चढले आणि त्यांनी 'बोलू नये' ही पाटी भिंतीकडे तोंड करून फिरवली. तोकिएदा कोटाचं बटण काढून स्पीकरसमोर उभे राहिले. धावाधाव झाली, श्वासाची ती रिकामी जागा गेली, शेवटचा ठोका पडला. तो छताला लागला, विरला, पुरता विरला. मग तोकिएदा अदबीने म्हणाले, "ब्राव्हो."

"साडेचार सेकंद उशीर," कुगा संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाले. "आणि दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखं म्हणालात."

"पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. या वेळी त्यांनी छाती भरून घेतली, मुठी आवळल्या, पायाची बोटंसुद्धा आवळली. ठोका पडला. तोंड उघडलं. पण सेहेचाळीस वर्षं जो माणूस थांबायलाच शिकला, शिकवत राहिला आणि वर लोकांवर डाफरला, त्याच्या गळ्याला एकदम घाई कशी जमणार? स्वर विरेपर्यंत गळा उघडलाच नाही.

"सहा सेकंद," कुगा म्हणाले.

"बघा, आणखीच मागे गेले," उबुकाता म्हणाले. "अहो, तो माणूस जन्माचा उतावीळ आहे. तुम्ही जन्माचे सबुरीवाले. बसा बघू, पाणी प्या. मंडळी, टाका मतं."

"काय चाललंय काय?" दारातून आवाज आला. फुमिएबाई दोन्ही हातांत मोठं पातेलं धरून उभ्या होत्या. मुळा, अंडी आणि माशाच्या वड्या, वाफ अजून निघत होती. खांद्यावर पावसाळी बर्फाचे थेंब. "पार मासळीबाजारापर्यंत आवाज येतोय. मला वाटलं कुणाला तरी चक्कर आली."

"फुमिएसान, तुम्हीच समजवा," उबुकाता म्हणाले. "तुमचे यजमान म्हणतायत, त्सुरुहामाचा मूर्ख तो मीच."

"मग खरंच आहे की ते," फुमिएबाई म्हणाल्या.

तोकिएदा मटकन खुर्चीत बसले. "तुला माहीत होतं?"

"लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात शाळेचा बेसबॉलचा सामना होता. गावातल्या एका पोराने चेंडू कुंपणापार मारला आणि तुम्ही ओरडलात. मध्येच चरकन आवाज फाटला. तेव्हाच कळलं."

"आणि इतकी वर्षं एका शब्दाने बोलली नाहीस?"

"दर डिसेंबरला तुम्ही त्याला मूर्ख म्हणायचात," फुमिएबाई म्हणाल्या. "मी कधी नाही म्हटलं का?"

मंडळात कुणीतरी फिसकन हसलं. उबुकातांनी मात्र मुख्याध्यापकाचा चेहरा केला. "बायकोची साक्ष धरता येत नाही. आवाज जुळला पाहिजे. नाहीतर दोन नंबर पक्का. त्यात तो आवाजही नाही आणि त्या बाईंची चूकही नाही."

"कुठल्या बाईंची चूक?"

"आहेत कुणीतरी," कुगा म्हणाले. "श्वासाच्या जागी आधीच आत येतात. मी काढून टाकली ती."

फुमिएबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. तोकिएदा मान खाली घालून संत्र्याची सालं गोळा करत होते. आपला नवरा आज अचानक स्वतःच्या तोंडाला काळं फासून का घेतोय, ते त्या बाईला तेव्हा लख्ख कळलं. तिच्यासाठी घेत होता. आणि तिचं नावही तोंडावर येऊ देत नव्हता.

"लावा बघू," त्या म्हणाल्या.

"पातेलं तरी ठेवा, फुमिएसान."

"असू दे. वही धरायचो तसंच आहे."

कुगांनी चौथ्यांदा क्रमांक दोन लावला. धावाधाव सुरू झाली. फुमिएबाई दारातच ताठ उभ्या, पातेल्याची वाफ तोंडावर, ओठ नुसते हलतायत. तोकिएदांनी मान वर केली. ती जागा आली, १९७८ सालच्या एकशे नव्व्याण्णव माणसांनी श्वास घेतला, आणि त्या फटीत अडुसष्ट वर्षांची एक बाई खालच्या पट्टीत, भरदार, अर्धा क्षण आधी, एकटीच आत शिरली. मग बाकीचे तिच्या मागून आले. फुमिएबाई कानापर्यंत लाल झाल्या आणि तशाच गात राहिल्या.

तोकिएदांना त्यापुढे काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. वाद्यं आपली वाजत होती, उबुकाता काहीतरी म्हणत होते आणि हे तिच्याकडे बघत होते. आवाज वाढला. गुडघे ऐंशीच्या पुढचे आहेत हे विसरून ते खुर्चीतून उठले.

"ब्राऽव्हो."

मध्येच चरकन फाटला. शेवटचा ठोका अजून पडायचाच होता. तो त्यानंतर पडला, आणि कुणाच्या लक्षातही आला नाही.

कुगा पडद्याकडे वळले. दोन रेघा एकीवर एक ठेवल्या, सरकवल्या, पुन्हा ठेवल्या. "फाटायची जागासुद्धा तीच आहे," ते म्हणाले. मग त्यांनी फुमिएबाईंकडे बघितलं, खाली वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "माफ करा. मी डाग म्हणालो."

उबुकाता पहिल्या टोपलीपाशी गेले, आपलं संत्रं त्यात ठेवलं आणि नाक शिंकरलं. त्यांच्यामागून बाकीची अकरा पडली. अध्यक्षांचं मत पोटात होतं, तेव्हा मुरोईंनी बाराच मोजली आणि निकाल एकमताने लागला असं लिहून टाकलं. मग पाटी पुन्हा सरळ केली, पण त्या दुपारी ती कुणी पाळली नाही. पातेलं तळापर्यंत रिकामं झालं. माशाच्या शेवटच्या वडीवरून उबुकाता आणि कुगा यांच्यात थोडी वादावादीही झाली.

परत जाताना दोघं जुन्या नाट्यगृहावरून गेले. पाडकामाचं कुंपण बसलं होतं. बसथांबा मात्र जागेवर होता. फुमिएबाई तिथे थांबल्या.

"अहो, मी इथे तुम्हाला एक विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "कोण होता हो तो?"

"मी होतो," तोकिएदा म्हणाले.

"उशीर केलात," फुमिएबाई म्हणाल्या, आणि रिकामं पातेलं त्यांच्या हातात देऊन पुढे चालू लागल्या.